वायूची चाहूल आणि कापसाचा धागा

विदर्भांत उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरींतील गाळ काढण्याचें काम निघतें. पाणी तळाशीं गेलेलें असतें आणि पाऊस तोंडावर आलेला असतो. अशा वेळीं अनुभवी शेतकरी कोणालाहि एकदम खालीं उतरूं देत नाहीं. तो प्रथम कंदील पेटवितो, दोराला बांधून हळूहळू विहिरींत सोडतो आणि कांठावर ओणवा होऊन ज्योतीकडे पाहत राहतो. ज्योत तळापर्यंत जळत राहिली तर माणूस उतरतो. मधेंच ती मंदावून विझली तर काम थांबतें. वरून बादल्यांनीं पाणी ओतून अथवा झाडाच्या डहाळ्या दोरानें खालींवर हालवून कोंडलेली हवा ढवळली जाते, आणि मग पुन्हां कंदील.

परंतु दिवा एकाच प्रश्नाचें उत्तर देतो. ज्वलनास पुरेसा प्राणवायु आहे कीं नाहीं, एवढेंच तो सांगूं शकतो. सडक्या गाळांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड किंवा अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसास ठार करण्याइतका झाला तरी ज्योत खुशाल जळत राहते. आणि जेथें मिथेन सांचला असेल तेथें तर दिवा सूचना देण्याऐवजीं स्वतःच स्फोटास कारण होतो. न दिसणाऱ्या वायूची चाहूल घेण्यासाठीं माणसानें गेल्या दोनशें वर्षांत जीं साधनें शोधलीं, तीं ह्या कंदिलाच्या उणिवा एकेक करून भरून काढण्याच्या खटपटींतून निघालेलीं आहेत. आणि त्यांपैकीं अगदी अलीकडचें एक साधन चक्क सुताचें आहे. वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या बनी जातीच्या कापसाचें नांव एके काळीं मँचेस्टरपर्यंत गेलें होतें. तेथील लोकांनीं ह्या सुताची हकीकत ऐकावी, असा तिचा त्या जिल्ह्याशीं एकाहून अधिक ठिकाणीं संबंध येतो.

आरंभ खाणींत झाला. १८१२ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत मिथेनचा स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मेलीं. त्यानंतर तीन वर्षांनीं हम्फ्री डेव्ही यानें दिव्याच्या ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळें आंतली ज्योत बाहेरच्या वायूस पेटवूं शकत नाहीं. उलट वायु आंत शिरला कीं ज्योतीवर निळसर टोपी चढते आणि तिच्या उंचीवरून मिथेनचें प्रमाण अजमावतां येतें. दिवा आतां उजेडापेक्षां बातमीसाठीं अधिक उपयोगाचा झाला. मालकांनीं मात्र त्याच्या भरंवशावर, पूर्वीं धोक्याचे म्हणून सोडून दिलेल्या भागांतहि माणसें पाठविण्यास प्रारंभ केला. साधन सुधारलें कीं संकट तितकें कमी होतें, हा सरळ हिशेब येथें प्रथम चुकला. पुढेंहि तो अनेकदां चुकलेला दिसेल.

वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशाचा धोका थोडा निराळा. वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यास जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकांत घातला गेला, तो वरोऱ्याच्या कोळशावर डोळा ठेवून. ती खाण १९०६ सालीं बंद झाली, परंतु त्याच खोऱ्यांत पुढें अनेक खाणी निघाल्या. येथील कोळशांत ओलावा पुष्कळ असतो. हवेशीं संबंध आला म्हणजे तो आपोआप तापतो आणि कधीं कधीं आंतल्या आंत धुमसूं लागतो. अशा धुमसण्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींच्या ओढीनें चिकटतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीवहि न होतां खालीं बसतो तो पुन्हां उठत नाहीं. डेव्हीच्या दिव्यास ह्या वायूविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं.

हें कोडें जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या शरीरशास्त्रज्ञानें सोडविलें. खाणींतील स्फोटांत मेलेल्या लोकांचीं प्रेतें तपासून त्यानें १८९६ सालीं असें दाखविलें कीं, त्यांतील बहुतेक माणसें भाजून किंवा चेंगरून मेलेलीं नसून, स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनें मेलेलीं असतात. लहान उष्णरक्ताच्या प्राण्याचा श्वासोच्छ्वास माणसापेक्षां पुष्कळ जलद चालतो, म्हणून विषाची बाधा त्याला अगोदर होते. तेव्हां उंदीर किंवा लहानसें पाखरूं बरोबर न्यावें, ही सूचना त्याचीच. अशा रीतीनें पिवळा कॅनरी पक्षी पिंजऱ्यांत बसून खाणींत उतरूं लागला. तो दांडीवरून खालीं पडला कीं माणसांनीं मागें फिरावें, असा संकेत होता. हॉल्डेननें हे वायु स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांचे परिणाम टिपून ठेवले होते, त्यामुळें पक्ष्यास पुढें केल्याचा दोष त्याला देणें कठीण आहे. ह्या प्रयोगांत त्याचा मुलगाहि लहानपणापासून असे. तोच पुढें जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून प्रसिद्धीस आला, १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन येथलाच झाला आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला. ब्रिटनमधील खाणींतून कॅनरीला निवृत्त करण्याचा निर्णय १९८६ सालीं झाला. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतरहि सतरा वर्षें खाणींतील माणसाचा जीव एका पाखराच्या श्वासाशीं बांधलेला होता.

दिवा आणि पक्षी ह्या दोन प्रसिद्ध पहारेकऱ्यांच्या मागें एक तिसरा पहारेकरी मुकाट्यानें उभा होता. त्याची दखल फारशी कोणी घेत नाहीं. तो म्हणजे कागदाची पट्टी. शिशाच्या ॲसिटेट क्षारांत भिजवून वाळविलेला पांढरा कागद हायड्रोजन सल्फाइड असलेल्या हवेंत धरला कीं काळा पडतो. ह्या पट्टीला यंत्र नाहीं, वीज नाहीं, वजन नाहीं; ती दुमडतां येते, खिशांत ठेवतां येते. आणि ती कशाची असते? तंतूंची. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा थापलेला लगदा, आणि कापूस म्हणजे त्याच सेल्युलोजचा निसर्गानें पिळून दिलेला तंतु. वर्ध्यास हें निराळें सांगण्याची जरूर नाहीं. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाल्यानंतर कुमारप्पांच्या देखरेखीखालीं मगनवाडींत हातकागदाचें काम चाले, आणि १९३८ च्या डिसेंबरांत गांधीजींनीं उघडलेल्या मगन संग्रहालयांत खादी व ग्रामोद्योग एकाच छपराखालीं मांडलेले होते. आज ज्याला लवचिक वायुसूचक म्हणतात, त्याचा खरा पूर्वज कॅनरीचा पिंजरा नसून ही कागदाची पट्टी आहे.

ह्या पट्टीचा दुसरा पराक्रम अधिक महत्त्वाचा, आणि तो थेट कापसाशीं निगडित आहे. १८४६ सालीं शनबाइन ह्या रसायनशास्त्रज्ञानें कापूस नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांच्या मिश्रणांत बुडविला, धुतला, वाळविला, आणि दिसावयास जसाच्या तसा पांढरा कापूस हातीं आला. मात्र ठिणगी लागतांच तो बंदुकीच्या दारूहून भयंकर रीतीनें उडाला. हा स्फोटक कापूस मोठा दगाबाज निघाला. अम्लाचा अंश तंतूंत राहून गेला तर तो सांठवणींत हळूहळू विघटित होतो आणि त्यांतून नत्राचीं ऑक्साइडें बाहेर पडतात. तीं वायुरूप ऑक्साइडें उरलेल्या कापसाचें विघटन आणखी वाढवितात, आणि एके दिवशीं कोणी हात न लावतां कोठार उडतें. इंग्लंडांत स्टोमार्केट येथील कारखाना १८७१ सालीं असाच उडाला.

फ्रेडरिक एबल यानें ह्यावर जी परीक्षा बसविली ती आजहि पाहण्यासारखी आहे. कांचेच्या नळींत थोडा स्फोटक कापूस घालून ती ठराविक उष्णतेच्या पाण्यांत ठेवावयाची, आणि नळीच्या तोंडाशीं आंतून एक इवलीशी कागदाची पट्टी टांगावयाची. पट्टीला पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च, म्हणजे गिरणींत सुताला जी खळ देतात तिच्याच जातीचा पदार्थ, लावलेला असतो. तिचा अर्धा भाग ग्लिसरीनमिश्रित पाण्यानें ओला केलेला असतो. कापसांतून नत्राचें ऑक्साइड सुटूं लागलें कीं ओल्या आणि कोरड्या भागांच्या सीमेवर एक फिकट तपकिरी रेषा उमटते. ती किती मिनिटांनीं उमटली ह्यावरून माल सांठवणींत ठेवण्याजोगा आहे कीं नष्ट करण्याजोगा, हें ठरतें. कापूस विष सोडतो आणि कापसाचाच सोयरा असलेला कागद तें ओळखतो, असा हा प्रकार.

वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवीं एकीकडे सूत व कापड काढणारी जुनी गिरणी होती आणि दुसरीकडे लष्कराचें मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. २०१६ सालच्या ३१ मे रोजीं पहाटेपूर्वीं तेथें आग लागून स्फोट झाले आणि दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसें मेलीं. त्यांत आग विझविण्यास धांवून गेलेले लोक होते. २०१८ सालच्या २० नोव्हेंबरला त्याच भागांत निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावर स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत आसपासच्या गांवांतील मजूर होते. ह्या दुर्घटना वायुसूचकानें टळल्या असत्या असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. स्फोटाचीं कारणें अनेक असतात. परंतु जेथें स्फोटक माल वर्षानुवर्षें राहतो त्या गांवाला, हवेंतील नत्राच्या ऑक्साइडची बातमी अगोदर मिळणें म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नाहीं.

कागदाच्या पट्टीचा एक मोठा दोष होता. ती पाहावी लागते. अंधाऱ्या जागीं, दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला, पट्टीचा रंग बदलला हें दिसणार कसें? बातमी डोळ्यांवर न सोंपवितां विजेच्या घंटेवर सोंपविण्याचें काम जपानांत झालें. धातूंच्या ऑक्साइडांचा विद्युत्‌रोध वायूच्या स्पर्शानें बदलतो, हें क्यूशू विद्यापीठांतील सेइयामा यांनीं १९६२ सालीं जस्ताच्या ऑक्साइडवर दाखविलें. त्याच वर्षीं नाओयोशी तागुची यानें कथिलाच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या सूचकाच्या स्वामित्वहक्कासाठीं अर्ज केला आणि १९६८ पासून तो बाजारांत येऊं लागला. जपानी घरांतून स्वयंपाकाच्या गॅसचे स्फोट होत, त्यांवर हा उपाय होता. पुढें विद्युत्‌रासायनिक घट आले, आणि आज कारखान्यांतून कमरेला लावावयाची जी पेटी दिसते ती ह्याच घराण्यांतील. ती प्राणवायु, ज्वालाग्राही वायु, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चार मोजते. काम ती चोख करते. पण कथिलाच्या ऑक्साइडचा मणि दोनशें ते चारशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावा लागतो. असला निखारा सदऱ्यांत शिवतां येत नाहीं. घटांची पेटी महाग, तिची वेळोवेळीं पारख करून घ्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे ती वेगळी वस्तु असते. वेगळी वस्तु मुकादमाच्या कपाटांत राहते.

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हां तंतूकडे वळले. प्लॅस्टिकच्या वर्गांतले कांहीं पदार्थ वीज वाहूं शकतात, हा शोध १९७७ सालीं शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनीं लावला. त्याबद्दल त्यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं अशाच एका पदार्थानें, पॉलिपिरोलनें, गाळणीचा साधा कागद माखला आणि तो अमोनियाच्या वाफेंत धरला. कागदाचा विद्युत्‌रोध बदलला; आणि ह्या कामासाठीं त्याला तापवावेंहि लागलें नाहीं. एबलची पट्टी जणूं दुसऱ्यांदा जन्मास आली, फक्त ह्या वेळीं तिच्यावर रेषा उमटण्याऐवजीं तिच्यांतून वाहणारी वीज कमीजास्त झाली.

कागदावरून सुतावर येण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. २००८ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत कापसाचा धागा कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या असलेल्या द्रवांत बुडवून वाळविला, तेव्हां त्यांतून लहानसा दिवा पेटण्याइतकी वीज वाहिली. २०१५ सालीं कोरियांतील संशोधकांनीं बाजारांत मिळणारें सूत घेतलें, त्यावर एका प्रथिनाचा गोंदासारखा हात दिला, आणि ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांनीं तें माखून नंतर त्या पापुद्र्यांतील बराचसा प्राणवायु काढून टाकला. नायट्रोजन डायॉक्साइडचे रेणु अशा सुतावर बसले कीं ते ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि सुताचा विद्युत्‌रोध उतरतो. तो फरक मोजला कीं वायूची वर्दी मिळाली. हें सारें नेहमींच्या उष्णमानावर. तें सूत साबणानें धुतलें, एक मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर एक हजार वेळां वाकविलें, तरी त्याचें काम चालूच राहिलें. येथें एक योग लक्षांत येतो. ह्या सुतानें जो वायु ओळखला तो नत्राच्या ऑक्साइडांपैकींच, म्हणजे एबलच्या पट्टीवर रेषा उमटविणारा वायु होय.

ह्या धाग्याची सर्वांत अधिक गरज कोणास आहे, हें पाहावयास पुन्हां वर्ध्याकडेच यावें लागतें. विनोबाजी १९४६ पासून गांधीजींच्या मृत्यूपर्यंत पवनारहून जवळच्या सुरगांवीं नेमानें भंगीकामास जात असत. तें काम उघड्यावरचें होतें. त्यांत किळस होती आणि त्याला समाजानें चिकटविलेला कलंक होता, पण वायूनें मरण्याचें भय फारसें नव्हतें, कारण उघड्या हवेंत विषारी वायु विरून जातो. पुढें शहरें सुधारलीं, मैला जमिनीखालीं गेला, सेप्टिक टाक्या आणि झांकणबंद गटारें आलीं. नाकाला येणारी घाण गेली आणि तिच्या जागीं कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड व मिथेन आला. घरांतील लोकांची सोय झाली, आणि टाकींत उतरणाऱ्याचें काम पूर्वींपेक्षां जीवघेणें झालें. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्याचा वास येतो हें खरें. पण हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे शंभर भाग झाले कीं घ्राणेंद्रिय बधिर होतें. वास नाहींसा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि पांचशें भागांच्या पुढें तो कांहीं मिनिटांत कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, त्याला काढण्यास तिसरा. एकाच टाकींत बाप, मुलगा किंवा दोघे भाऊ मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्या ह्यामुळें.

कायदा ह्या बाबतींत स्पष्ट आहे. २०१३ च्या अधिनियमानें गटारांची व टाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी केली. त्याखालच्या नियमांत संरक्षक साहित्याची लांबलचक यादी आहे आणि तींत चार वायु मोजणारें यंत्रहि आहे. अशा मृत्यूबद्दल वारसांस दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रक्कम तीस लाखांवर नेली. तरीहि माणसें उतरतच आहेत. कारण सोसायटीचा चिटणीस ज्याला बोलावतो तो मजूर रोजावरचा असतो. त्याच्यापाशीं एक बादली असते, एक दोर असतो आणि अंगावर एक सदरा असतो. यादींतील यंत्र त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. सदरा मात्र प्रत्येकाबरोबर खालीं जातोच. तंतूच्या वायुसूचकाचें सारें महत्त्व ह्या एका गोष्टींत आहे. त्यामुळें सफाईचें हें काम यंत्रांवर सोंपविण्याची जबाबदारी मात्र कोणावरून उतरत नाहीं. डेव्हीच्या दिव्यानें खाणमालकांना जी सबब मिळवून दिली, तीच सबब शहाण्या सदऱ्यानें नगरपालिकांना मिळाली तर एवढें शास्त्र फुकट गेलें म्हणावयाचें.

तूर्त तो सदरा बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहे, आणि त्याचीं कारणेंहि कापसाच्या स्वभावांत आहेत. कापूस पाणी शोषतो. साध्या दमट हवेंतहि तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. घामानें, वाफेनें त्याच्यावरील लेपाचा विद्युत्‌रोध बदलतो, आणि हा बदल वायूमुळें कीं ओलीमुळें हें धाग्याला वेगळें करतां येत नाहीं. वर्ध्याच्या मे महिन्यांतील कोरड्या वणव्यांत पारखलेला सूचक जुलैच्या झडींत खोटी आरोळी ठोकील, किंवा, त्याहून वाईट, गप्प बसेल. दुसरी अडचण ओळखीची. अमोनिया, नत्राचें ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र असले म्हणजे कांहीं वायु विद्युत्‌रोध वाढवितात, कांहीं उतरवितात, आणि बेरीज शून्याच्या जवळपास येऊं शकते. म्हणून एकाच कापडांत निरनिराळ्या लेपांचे अनेक धागे विणून त्यांच्या साक्षी ताडून पाहण्याचे प्रयत्न चालूं आहेत. तिसरी अडचण वेळेची. कांहीं धाग्यांस वायु ओळखण्यास मिनिटें लागतात, आणि टाकींतील माणसापाशीं तेवढीं मिनिटें नसतात. प्राणवायु कमी असल्याची बातमी तर अशा धाग्यांकडून मिळणें अधिकच कठीण. तेथें अजून विद्युत्‌रासायनिक घटच भरंवशाचा आहे. आणि धाग्याला वायु कळला तरी ती वर्दी वरच्या माणसास ऐकूं जाण्यासाठीं त्याच सदऱ्यांत घट, तार आणि घंटा शिवावी लागते. पैकीं तार आतां सुताची झाली आहे, घट आणि घंटा यांवर काम चालूं आहे.